कॅबिनेटमधली किणकिण

एका वाचकाने पत्रातून विचारलं आहे: मुलासाठी नवा डेस्कटॉप जुळवून घेतला. एरवी गुपचूप असतो, पण गेमचा मेन्यू उघडला की कॅबिनेटमधून बारीक किंचाळी येते. गेम सुरू झाला की ती कमी होते. माउस भराभर फिरवला तर वेगळीच कुरकुर येते. दुकानदार म्हणतो, 'नवीन आहे, बसेल आवाज.' मशीन जळणार तर नाही ना?

अशा आवाजाने मशीन जळत नाही. पण 'बसेल' हा शब्दही दुकानदाराने इतक्या सहज द्यायला नको होता. मला पत्रातलं सगळ्यात जास्त आवडलं ते निरीक्षण: मेन्यूत जास्त, गेममध्ये कमी. अर्धं निदान तिथेच झालं. पंखा घासत असता तर त्याने मेन्यू आणि गेम असा भेद केला नसता. पंख्याचा आवाज तापमानाच्या मागून, काही सेकंद उशिरा, रेंगाळत चढतो. विजेच्या भाराशी बांधलेला आवाज त्याच क्षणी उमटतो आणि त्याच क्षणी विरतो.

ग्राफिक्स कार्डवर किंवा मदरबोर्डवर प्रोसेसरच्या शेजारी करड्या चौकोनी ठोकळ्यांची रांग दिसते. ते चोक. एसएमपीएसकडून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याकडून, आलेले १२ व्होल्ट तिथे उतरवून चिपला साधारण १ व्होल्ट पुरवला जातो, आणि तोही जोरकस कार्डात शंभरावर अँपिअर प्रवाहाने. हे काम सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होणारे स्विच आणि त्यांच्यामागची ही तारेची वेटोळी मिळून करतात. प्रवाह वरखाली झाला की चुंबकक्षेत्र वरखाली होतं, वेटोळी एकमेकांना खेचतात, आतला गाभा सूक्ष्म आखडतो-पसरतो. ठोकळा थरथरतो, त्याच्याबरोबर बोर्ड थरथरतो, आणि बोर्डाचा पसरट पत्रा तो आवाज मोठा करून खोलीत सोडतो.

ही थरथर नव्या जमान्याची व्याधी नाही. १८३७ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावच्या चार्ल्स ग्राफ्टन पेजने ती ऐकली होती. शिक्षणाने तो डॉक्टर, पण जीव विजेत अडकलेला. नालाकृती चुंबकाच्या ध्रुवांजवळ त्याने तांब्याच्या तारेचं वेटोळं ठेवलं आणि बॅटरीची जोडणी तोडली. चुंबक स्पष्ट किणकिणला. पेजने याला 'गॅल्व्हानिक संगीत' असं गोड नाव देऊन ते 'अमेरिकन जर्नल ऑफ सायन्स'मध्ये छापलं. पाच वर्षांनी, १८४२ मध्ये, मँचेस्टरच्या जेम्स ज्यूलने चुंबकत्व आलेली लोखंडाची कांब किंचित लांब होते हे मोजून दाखवलं. कल्पना त्याच गावच्या एका यंत्र-कारागिराने सुचवली होती. ही वाढ दहा लाखांत एखाद-दोन भागांइतकी. ती पकडायला ज्यूलला तरफा जोडून मापन करावं लागलं. पुढे त्याने कांब पाण्यात बुडवून बारीक नळीतली पातळी पाहिली आणि ती हलत नाही हेही तपासलं. म्हणजे कांब लांब होताना तितकीच बारीक होत होती. ऊर्जेच्या हिशेबासाठी ज्यूलचं नाव शाळकरी मुलांनाही पाठ असतं. हा प्रयोग मात्र पुस्तकांत फारसा येत नाही.

पेजची उपेक्षा त्याहून मोठी. १८६१ मध्ये जर्मनीतल्या फिलिप राइस या शाळामास्तराने फ्रँकफर्टमध्ये दूरवर सूर पाठवणारं यंत्र दाखवलं. त्याच्या ऐकण्याच्या टोकाला होती स्वेटर विणायची सुई, भोवती तारेचं वेटोळं, आणि खाली आवाज मोठा करणारी लाकडी पेटी. म्हणजे पेजचाच चुंबक, मुद्दाम गायला बसवलेला. आज ग्राफिक्स कार्ड जे नको असताना करतं, ते राइसने हवं म्हणून करवून घेतलं होतं. पेज पुढे वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयात गेला, सरकारी अनुदानातून विजेवर चालणारं रेल्वे इंजिन बनवलं आणि १८५१ मध्ये ते वॉशिंग्टनहून ब्लेडन्सबर्गपर्यंत हाकलंही. वाटेत बॅटऱ्यांची मातीची भांडी तडकली आणि त्या इंजिनाबरोबर त्याची कीर्तीही संपली. टेलिफोनचा इतिहास सांगताना बेलपासून सुरुवात करणाऱ्यांनी निदान या किणकिणीपाशी तरी थांबावं असं मला वाटतं.

आता एक खटकणारी गोष्ट. स्विच सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतात आणि माणसाचा कान २०,००० हर्ट्झच्या पुढे बहिरा. मग ऐकू काय येतं? पाणीपुरीची गाडी आठवा. गर्दीच्या वेळी गाडीवाल्याचा हात इतका झरझर चालतो की एकेक पुरी मोजता येत नाही. पण एका गिऱ्हाइकाची प्लेट संपली की तो हात क्षणभर थबकतो, पुढच्याकडे वळतो. हे थबकणं मात्र सहज मोजता येतं. कार्डाचंही तसंच. स्विचची एकेक उघडझाप ही पुरी, आणि पडद्यावरचं एक चित्र, म्हणजे एक फ्रेम, ही प्लेट. प्रत्येक फ्रेम काढताना कार्ड प्रवाहाचा एक घोट ओढतं, मग क्षणभर सैलावतं. मेन्यूत काढायला असतं काय, चार बटणं आणि एक पार्श्वभूमी. मर्यादा घातली नसेल तर कार्ड सेकंदाला हजार-दोन हजार फ्रेम फेकत सुटतं. हजार-दोन हजार घोट म्हणजे हजार-दोन हजार हर्ट्झ, कान जिथे चांगलाच तिखट असतो तो सूर. खऱ्या गेममध्ये फ्रेम जड होतात, शंभराच्या आसपास येतात, आणि किंचाळीची जागा जेमतेम जाणवणारी घरघर घेते. माउसचं कोडंही इथेच सुटतं: गेमिंग माउस हलताना सेकंदाला हजार वेळा खबर देतो आणि दर खबरीला झोपाळलेला प्रोसेसर दचकून उठतो.

चोकइतकाच आणखी एक गवई बोर्डावर असतो, तांदळाच्या दाण्याहून लहान सिरॅमिक कपॅसिटर. त्यातलं बेरियम टायटॅनेट विजेच्या दाबाने आकार बदलतं. क्युरी बंधूंनी १८८० मध्ये स्फटिकांत शोधलेल्या गुणाच्या घराण्यातलंच हे.

ज्यांनी दूरदर्शनचा खोका पाहिला आहे त्यांना असा एक सूर ठाऊक असेल. आवाज बंद करूनही टीव्ही चालू आहे हे मुलांना बाहेरच्या खोलीत कळायचं, आजोबांना कळायचं नाही. सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येकात ६२५ रेषा, म्हणजे १५,६२५ हर्ट्झ. तो सूर आतला ट्रान्सफॉर्मर गायचा. वय वाढलं की कानाचा वरचा पट्टा आधी जातो. म्हणून मुलाला ऐकू येतो तो आवाज वडिलांना ऐकू आला नाही, तर मुलाला खोटं पाडू नये.

निदान कसं करावं? गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन फ्रेमची मर्यादा ६० वर आणा. किंचाळी तत्क्षणी पडली तर चोर ग्राफिक्स कार्ड किंवा त्याला वीज देणारा एसएमपीएस, दोघांपैकी एक. दोघांत निवाडा करायला पुठ्ठ्याची लांब नळी कानाला लावून कॅबिनेटबाहेरून, मागच्या जाळीपाशी ऐका. ओळखीच्या कुणाकडून दुसरा एसएमपीएस लावून बघता आला तर उत्तमच. मोबाइलवरचं स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅपही कामाला येतं. आवाज कॅबिनेटमधून नसून स्पीकरमधून येत असेल तर प्रकरण वेगळं, तिथे अर्थिंग बघावं. आपल्याकडे कित्येक घरांत तीन पिनांच्या सॉकेटमागे तिसरी तारच नसते. मग कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्याही येतात. आणि वीज गेल्यावरच घूं होत असेल तर तो चौकोनी लहरींच्या स्वस्त इन्व्हर्टरचा प्रसाद आहे. त्यावर पंखाही तसाच कण्हतो.

भ्यायचं ते दुसऱ्याच आवाजाला. चटचट, तडतड, कशाशीच ताल न जुळणारी, सोबत जळका वास. तिथे ठिणगी उडते आहे. भिंतीवरचं बटण बंद करा आणि माणूस बोलवा. एसएमपीएस स्वतः उघडू नका. त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

उपायांच्या बाजारात मात्र जपून. खोक्यावर 'मिलिटरी ग्रेड चोक' छापलेलं असतं. कोणत्या सैन्याची, कोणती चाचणी, हे बहुतेक वेळा खोकं सांगत नाही. रात्रभर मशीनवर भार टाकून ठेवला की चोक 'मुरतो' असंही सांगतात. कधी आवाज बदलतो, कधी वाढतो. वॉरंटी चालू असेल तर सूर असह्य असल्याचं सांगून कार्ड बदलून मागावं, हा एक मार्ग. तोही दुकानदार मानला तर.

या किणकिणीची एक बातमी २०१३ च्या डिसेंबरमध्ये जगभर गाजली: कॉम्प्युटरचा आवाज ऐकून गुप्त किल्ली चोरता येते. डॅनियल गेनकिन, आदी शमीर आणि एरन ट्रोमर यांनी लॅपटॉपच्या वीजपुरवठ्याचा सूर मायक्रोफोनने टिपला आणि त्यातून संदेश कुलूपबंद करणाऱ्या आरएसए पद्धतीची ४०९६ बिटांची किल्ली बाहेर काढली. शेजारी ठेवलेला साधा मोबाइल पुरला. चांगल्या मायक्रोफोनने ४ मीटरवरूनही जमलं. आरएसए या नावातला 'एस' म्हणजे हेच शमीर, तेव्हा आपल्याच कुलपाला त्यांनी कान लावला होता. मथळे मात्र अंमळ फुगले. त्यासाठी लॅपटॉपला मुद्दाम बेतलेले संदेश उलगडायला लावावे लागत होते, आणि ऐकत बसावं लागत होतं तासभर. हे संदेश उलगडणाऱ्या जीएनयूपीजी या प्रोग्रॅममध्ये लगेच दुरुस्ती झाली: संदेश उलगडण्याआधी त्यात एक यादृच्छिक संख्या मिसळायची आणि नंतर ती काढून टाकायची. चोकला हात लावायची गरजच पडली नाही.