एकाला नऊ, एकाला पस्तीस

लास वेगासच्या विमानतळावर सामान घ्यायला निघालो, तर वाटेतच जुगाराची यंत्रं रांगेने मांडलेली दिसली. अ‍ॅरिझोनात नोकरी करणारा माझा भाचा बरोबर होता. तो म्हणाला, "मामा, परत जाताना खिशात काही उरलं असेल, तर तेही इथे ठेवून जायची सोय आहे."

मी खेळायला गेलो नव्हतो. मुंबईतल्या मटक्याची माहिती मी गेली काही वर्षं माझ्या परीने जमवतो आहे. मला ना गणिताची पदवी, ना समाजशास्त्राची. कारण घरचं आहे. माझे वडील लालबागच्या गिरणीत कामाला होते आणि रोज आकडा लावत. रोज लागलेले ओपन आणि क्लोज ते एका वहीत लिहून ठेवत. ती वही माझ्याकडे आहे. सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर चालणाऱ्या या खेळाचा अमेरिकेशी जुना संबंध आहेच. म्हटलं, जुगारावर उभं राहिलेलं एक अख्खं शहर एकदा पाहून यावं.

रात्री नऊच्या सुमाराला आम्ही 'स्ट्रिप'वर आलो. सगळी मोठी हॉटेलं असलेला हा साधारण सात किलोमीटरचा रस्ता मुळात लास वेगास शहराच्या हद्दीत येतच नाही. नेव्हाडा राज्याने १९३१ साली जुगाराला मान्यता दिली. १९४१ पासून शहराच्या दक्षिणेला, हद्दीबाहेर, कॅसिनो-हॉटेलं उभी राहू लागली. शहराने हा भाग आपल्यात ओढू नये म्हणून १९५० मध्ये तिथे 'पॅराडाइज' नावाची वेगळी वस्ती जाहीर झाली. म्हणजे जगाला ठाऊक असलेलं लास वेगास कागदोपत्री 'स्वर्गा'त आहे.

गर्दी जत्रेसारखी. वर्षाला चार कोटींच्या आसपास माणसं इथे येतात. लग्नाआधीची मौज करायला आलेल्या मुलींचे घोळके, त्यांच्यातल्या नवरीच्या खांद्यावरून आडवा पट्टा. गळ्यात दोरीने अडकवलेले, हातभर लांब प्लॅस्टिकचे पेले घेऊन भर रस्त्यात दारू पीत चाललेले तरुण. विजेच्या गाडीवर बसलेल्या आजी आणि त्यांच्या मागे पिशवी सांभाळत चालणारे आजोबा. बेलाजिओसमोरच्या तळ्यात संगीताच्या तालावर कारंजी उसळली की हे सगळे एकाच वेळी थांबतात आणि मोबाइल वर धरतात. पलीकडे निम्म्या उंचीचा आयफेल टॉवर आहे. जवळच छताखाली व्हेनिसचा कालवा आहे. त्यावरच्या रंगवलेल्या आकाशात रात्र कधी होतच नाही.

मला हे आवडलं, हे कबूल करतो. कारंजं फुकट आहे आणि सुंदर आहे. बहुतेक लोक दोन-तीन रात्रींसाठी आलेले असतात, परतीचं तिकीट काढून. किती घालवायचे तेही बरेच जण ठरवून येतात. आता तर इथल्या मोठ्या हॉटेलांची निम्म्याहून जास्त कमाई खोल्या, जेवण, दारू आणि कार्यक्रम यांतून होते. जुगाराचा वाटा त्याहून कमी आहे.

तरी खोलीकडे, जेवणाकडे किंवा नाटकगृहाकडे जाणारी वाट बहुधा कॅसिनोतूनच जाते. आत घड्याळ दिसत नाही, खिडकी दिसत नाही. खेळणाऱ्याला दारू फुकट मिळते. नताशा डाउ शूल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी इथल्या यंत्रांवर खेळणाऱ्यांचा अनेक वर्षं अभ्यास करून २०१२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचं निरीक्षण असं, की यंत्राच्या आहारी गेलेला माणूस जिंकण्यासाठी खेळत नाही. खेळ थांबू नये म्हणून खेळतो.

मी एका रूलेच्या टेबलामागे तासभर उभा राहिलो. टेबलाच्या डोक्यावर एक उजळ पाटी होती आणि आधीच्या फेऱ्यांत आलेले आकडे तिच्यावर एकाखाली एक दिसत होते. एक गृहस्थ त्या पाटीकडे बघून बोटांवर काहीतरी मोजायचे आणि मग चकत्या ठेवायचे. मला वडिलांची वही आठवली. "चौकडी बरेच दिवस आली नाही, आता येणारच," असं ते म्हणत. चाकाला मात्र मागचं काहीच आठवत नाही. १९१३ साली माँटे कार्लोत एकदा काळा रंग लागोपाठ २६ वेळा आला. आता तांबडा येणारच म्हणत लोक पैसे ओतत राहिले आणि बुडाले.

वहीत आणि पाटीवर जे नसतं ते म्हणजे भाव. अमेरिकन रूलेच्या चाकावर १ ते ३६ हे आकडे, एक शून्य आणि एक दुहेरी शून्य, अशी ३८ घरं असतात. प्रत्येक घरावर एक डॉलर लावला तर ३८ डॉलर लागतात. जिंकलेल्या घरावर एकाला पस्तीस मिळतात आणि आपला एक परत, म्हणजे हातात ३६. दोन डॉलर कॅसिनोचे. शेकडा सव्वापाच. हल्ली काही टेबलांवर तीन शून्यं असतात. तिथे हाच वाटा पावणेआठच्या जवळ जातो. समजा, दर फेरीला दहा डॉलर लावले आणि तासाला ४० फेऱ्या झाल्या, तर दुहेरी शून्याच्या चाकावर सरासरी २१ डॉलर जातात. एखाद्या रात्री नशीब यात इकडेतिकडे करील. वर्षभराच्या हिशेबात त्याला जागा नाही.

आमच्याकडे आकड्याचा भाव एकाला नऊ होता. शून्य ते नऊ असे दहा आकडे. दहा रुपये लावा, नऊ घ्या. शेकडा दहा कापलेच. वडील शेवटपर्यंत म्हणत राहिले, "माझं नशीबच फुटकं." आईही तेच म्हणायची, फक्त स्वतःच्या नशिबाबद्दल.

कौटिल्याला हा हिशेब पक्का ठाऊक होता. अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. खेळ एकाच ठरलेल्या जागी चालवायचा, इतरत्र खेळणाऱ्याला दंड करायचा आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यायचे, हे त्याचं काम. शेकडा पाच तिथेही आणि जवळपास तेवढेच लास वेगासच्या चाकातही. पण तिथे हा वाटा उघड होता, जिंकणाऱ्याच्या हातातून घेतला जात होता. चाकात तो शून्याच्या घरात लपलेला आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे शहराच्या वस्तीतल्या एका किराणा दुकानात पाणी घ्यायला गेलो. दाराशीच चार-पाच यंत्रं होती. कामाचा गणवेश घातलेली एक बाई त्यांतल्या एकासमोर बसली होती. रात्रपाळी संपवून आली असावी. कारंज्यापाशी दिसलेले पर्यटक दोन दिवसांनी घरी जाणार होते. हिचं घर इथेच होतं. गोव्यात २०२० पासून पर्यटकांना कॅसिनोत खेळता येतं, गोवेकरांना मनाई आहे. या नियमाला दुटप्पी म्हणून हसणारे पुष्कळ आहेत. त्या बाईला पाहिल्यावर मला हसू येईना. वडिलांचा मटकेवालाही चाळीच्या नाक्यावरच बसायचा.

बलिप्रतिपदेला आपल्याकडे द्यूतप्रतिपदाही म्हणतात. शिवपार्वतीच्या सारीपाटाची आठवण म्हणून त्या दिवशी खेळायला मुभा असे. वर्षातून एक दिवस. गेल्या पाडव्याला मी वडिलांची वही पुन्हा उघडली. ओपन, क्लोज, तारखा, लाल शाईने केलेल्या खुणा. अक्षर सुबक आहे. एकाला नऊ हा भाव मात्र एकाही पानावर लिहिलेला नाही.