ऑक्सफर्ड (बैलांची मोटार)

ऑक्सफर्ड हे वर्धा येथील उद्योगपती जमनालाल बजाज यांच्या एका जुन्या फोर्ड मोटारीला पडलेले विनोदी नाव होय. ही मोटार इंजिनाऐवजी बैल ओढीत. इंग्रजीत बैलास ‘ऑक्स’ म्हणतात, त्यावरून हा श्लेष साधला गेला. महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळील सेगाव (पुढे सेवाग्राम) येथे राहावयास गेले. वर्धा व सेवाग्राम यांच्या दरम्यान ये-जा करण्यासाठी हे वाहन उपयोगात येई.

जुन्या मोटारींचे संग्राहक सामान्यतः मोटार तिच्या कारखान्यातील मूळ रूपात आणू पाहतात. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. त्यामुळे मिस्त्री, लेथवाले, पत्राकाम व गादीकाम करणारे कारागीर आणि भंगारवाले यांचे साहाय्य अपरिहार्य ठरते. प्रदर्शनातील पारितोषिक मात्र बहुधा मालकाच्याच नावे जाते. ऑक्सफर्डच्या बाबतीत मूळ रूपाचा हा आग्रह धरल्यास एक साधी फोर्ड परत मिळेल. वर्ध्याच्या सामाजिक इतिहासाशी निगडित असलेले वाहन मात्र नाहीसे होईल.

केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी वाहनास ‘व्हीए’ अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. त्यासाठी सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा लागतो. बैल जुंपलेली मोटार अर्थातच या व्याख्येत बसत नाही.