गाडीच्या तारांना कवच कोणते?

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि काही दिवसांतच जर्मनीत फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यू यांच्या काही कारखान्यांतले उत्पादन थांबले. अडले होते वायरिंग हार्नेसपाशी. गाडीतल्या असंख्य तारा एकत्र बांधून जो जुडगा तयार होतो, तो हार्नेस. तो पश्चिम युक्रेनमधल्या कारखान्यांतून येत असे, आणि दुसरीकडून चटकन मागवावा अशी ती वस्तू नव्हती. तारा कापणे, टोकांना टर्मिनल बसवणे ही कामे यंत्रे करतात. पण मोठ्या फळीवर तारा मांडून, फाटे काढून त्यांवर वेष्टन चढवण्याचे काम आजही मुख्यतः माणसांच्या हातांनी होते. कुठल्या टप्प्यावर कोणते वेष्टन, हे प्रत्येक मॉडेलसाठी आधी ठरलेले असते. आपल्याकडे मात्र गाडी शोरूममधून बाहेर पडली, की पुढच्या वायरिंगसाठी असा विचार सहसा होत नाही. सीएनजी किट, फॉग लॅम्प, जादा हॉर्न, कॅमेरा यांच्या नव्या तारांवर हाताशी असेल ती काळी चिकटपट्टी गुंडाळली जाते. माझे म्हणणे एवढेच आहे, की तार ज्या जागेतून जाते त्या जागेने वेष्टन ठरवावे. सगळीकडे चालेल असे एकच उत्तम वेष्टन अस्तित्वात नाही.

मुळात वेष्टन लागतेच कशाला? तारेवर प्लास्टिक असतेच ना? असते, पण किती? गाड्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ०.५ चौरस मिलिमीटरच्या पातळ तारेवर प्लास्टिकचा थर जेमतेम पाव मिलिमीटर असतो. बहुतेक गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक थेट बॉडीच्या पत्र्याला जोडलेले असते. म्हणजे तार जिथे जिथे पत्र्याला टेकते, तिथे शॉर्टसर्किट टळते ते या पाव मिलिमीटरच्या जोरावर. इंजिन सुरू असेपर्यंत कंपने थांबत नाहीत आणि आपल्या रस्त्यांवरचे खड्डे त्यांत भर घालतात. पत्र्याच्या कडेला घासणारी तार एका दिवसात उघडी पडत नाही. ती महिनोन्‌महिने झिजते आणि एखाद्या दिवशी फ्यूज उडतो. योग्य फ्यूज नसेल, तर तारच तापून पेटू शकते. म्हणूनच हेही स्पष्ट असावे, की वेष्टन हे फ्यूजला किंवा योग्य जाडीच्या तारेला पर्याय नाही. त्याचे मुख्य काम आतल्या पातळ थराला घासण्यापासून, उष्णतेपासून आणि ओलाव्यापासून वाचवण्याचे आहे.

आता जागांचा विचार करू. डॅशबोर्डच्या आत उष्णता आणि पाणी दोन्ही कमी. तिथे खरा त्रास खडखडाटाचा. त्यासाठी लोकरीसारख्या मऊ पृष्ठभागाची पॉलिएस्टर टेप वापरतात. बॉनेटखाली चित्र पालटते. इंजिनमधले कूलंटच ९० ते १०५ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते आणि भोवतालची हवाही गरम असते. साध्या पीव्हीसी चिकटपट्टीची मर्यादा बहुधा ८० ते १०५ अंशांच्या दरम्यान. त्या मर्यादेच्या आसपास ती सतत राहिली, की गोंद पाझरून चिकट राड होते, पट्टीची टोके सुटतात आणि तिला मऊ ठेवणारी द्रव्ये निघून जाऊन ती कडक होते. इंजिनजवळ विणलेल्या पॉलिएस्टर कापडाची टेप हवी. तिचे चांगले प्रकार १२५ ते १५० अंश सोसतात. पन्हाळीसारख्या वळ्यांच्या नळीबाबतही हीच दक्षता घ्यावी. पॉलिइथिलिनची नळी स्वस्त असते, पण उष्णतेत लवकर हार मानते. नायलॉनची नळी इंजिनजवळ टिकते. घराच्या वायरिंगसाठी मिळणारी पीव्हीसीची फ्लेक्सिबल पाइप दिसायला तशीच असली, तरी ती या उष्णतेसाठी बनवलेली नसते.

घर्षणाचा हिशेब निराळा आहे आणि तो मोजताही येतो. हार्नेसच्या टेपसाठी जर्मन वाहन कंपन्यांनी एलव्ही ३१२ नावाचा निकष ठरवला आहे. त्याच्या चाचणीत दांड्यावर टेप लावून ती फाटेपर्यंत धातूची बारीक तार तिच्यावर पुढेमागे घासतात. १०० फेऱ्यांच्या आत फाटणारी टेप ‘ए’ वर्गात जाते, १,००० फेऱ्या सोसणारी ‘डी’त आणि ५,००० सोसणारी ‘ई’त. वेष्टना-वेष्टनांत एवढा फरक असेल, तर ‘टेप ती टेपच’ हे म्हणणे टिकत नाही. जिथे तारा सतत हलतात, पत्र्याच्या किंवा ब्रॅकेटच्या कडेला टेकतात, तिथे जाड कापडी टेप, विणलेली जाळीदार स्लीव्ह किंवा नळी हवी. तार इंजिनकडून केबिनमध्ये पत्र्याच्या छिद्रातून जात असेल, तर त्या छिद्रात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेवर बसणारी कडी, हवाच. त्याची जागा कितीही टेप गुंडाळली तरी भरून निघत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग सर्वांत जास्त उष्णता सोसणारे वेष्टनच सगळीकडे का घालू नये? कारण प्रत्येक गुणाची काही किंमत मोजावी लागते. सिलिकॉनचा लेप दिलेली काचतंतूंची स्लीव्ह २०० अंशांच्या पुढेही टिकते. सायलेन्सरच्या नळ्यांजवळ तीच उपयोगी. तिथे ॲल्युमिनियमचे बाह्य आवरण असलेली स्लीव्ह अंगावर येणारी उष्णता परतवते. पण लेप नसलेले काचतंतू घर्षणाने पिंजतात, आणि जाड आवरणात हार्नेस वळवणेही अवघड होते. हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आकसणारी, नळी सांध्यावर उत्तम. आतून गोंद असलेली घेतली तर पाणीही अडवते. मात्र अख्ख्या हार्नेसवर ती चढवली, तर जुडगा ताठ होतो आणि पुढे एखादी तार बदलायची झाली, की सगळे कापावे लागते. घट्ट, अनेक पदरी वेष्टनात तारांची स्वतःची उष्णता कोंडते. शिवाय पूर्ण बंद वाटणाऱ्या नळीतही पाणी शिरतेच, आणि शिरलेले पाणी बाहेर पडायला वाट लागते. म्हणून चिरलेल्या नळीची चीर खाली ठेवावी. कोकण, मुंबई, गोवा या खाऱ्या हवेच्या पट्ट्यात तर हे विसरूच नये. साचलेले खारे पाणी तांब्याला हिरवा गंज चढवते.

दुसरा आक्षेप गॅरेजमधून येतो, आणि तो वजनदार आहे. कंपनीच्या गाडीतही पीव्हीसी टेप असते, मग आम्ही लावली तर काय बिघडले? असते हे खरे, पण कारखान्यात ती ठरावीक दर्जाची, ठरावीक जागी आणि अनेकदा अंतर सोडून गुंडाळलेली असते. शिवाय गोंद आणि तारेचे प्लास्टिक एकमेकांना मानवतात का, हे दीर्घकाळ गरम ठेवून तपासलेले असते. दुकानातल्या अनोळखी पट्टीबद्दल असे काहीच सांगता येत नाही. तिसरा आक्षेप पैशांचा. चांगली कापडी टेप किंवा नायलॉनची नळी महाग पडते, हे मान्य. पण फॉग लॅम्प किंवा सीएनजी किटसाठी लागते ती काही मीटर. त्या फरकाची तुलना चिकटपट्टीच्या किमतीशी करण्याऐवजी हार्नेस बदलण्याच्या खर्चाशी आणि आगीच्या धोक्याशी करायला हवी.

उंदरांचा प्रश्न मात्र केवळ वेष्टनाने सुटत नाही. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि कुरतडणे ही त्यांची गरजच असते. होंडाने मिरचीचा तिखटपणा देणाऱ्या कॅप्सेसिनची टेप बाजारात आणली आहे. कठीण नळीमुळेही त्यांच्या कामात अडथळा येतो. तरीही गाडी दिवसेंदिवस उभी न ठेवणे आणि भोवती खरकटे न राहू देणे हा उपाय आधीचा. वेष्टनाला हातच घालू नये अशीही एक जागा आहे. इलेक्ट्रिक गाड्यांत ६० व्होल्टच्या वर डीसी वाहणाऱ्या केबलचे आवरण नारिंगी असते. तो रंग धोक्याची खूण आहे. त्या केबलला घरी किंवा साध्या गॅरेजमध्ये हातच लावू नये आणि तिच्यावर काळी टेप गुंडाळून ती खूण झाकू तर मुळीच नये.

तेव्हा गाडीत नवी तार टाकली, की बॉनेट बंद होण्याआधी इलेक्ट्रिशियनला चार गोष्टी विचारा. या तारेला स्वतःचा फ्यूज आहे का? ती गरम भागापासून दूर नेऊन पक्की बांधली आहे का? छिद्रात ग्रोमेट आहे का? आणि वरचे वेष्टन किती अंश उष्णता सोसते? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘टेप आहे ना’ एवढेच आले, तर वेष्टन बदलून मागा. तो तुमचा हक्क आहे आणि गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाची सुरक्षितताही.