सभागृहातून गायरानाकडे : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

नाशिक जिल्ह्याला दादासाहेब गायकवाड यांचे नाव नवे नाही. शहरातील सभागृहाला ते दिले आहे, शासनाच्या एका योजनेला दिले आहे, आणि काळाराम मंदिर सत्याग्रहावरील कोणतेही व्याख्यान त्याखेरीज पुरे होत नाही. परंतु ते १९३७ ते १९४६ या काळात मुंबई विधानसभेचे सदस्य, म्हणजे आजच्या भाषेत आमदार होते, हे आम्ही वर्गात विचारले तर क्वचितच एखादा हात वर होतो. म्हणून या स्मरणिकेत त्यांच्या जीवनाच्या याच बाजूविषयी लिहावे असे आम्हांस वाटले.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा सत्याग्रह समितीचे ते चिटणीस होते. परमपूज्य बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेल्यावर लढा प्रत्यक्ष चालविण्याचा भार त्यांच्यावरच राहिला. मार्च १९३४ मध्ये सत्याग्रह थांबवावा असे बाबासाहेबांनी कळविले, तेही दादासाहेबांनाच पत्र लिहून. मंदिराचे दार उघडण्यापेक्षा आता शिक्षण आणि राजकारण यांवर शक्ती लावावी, असा त्या पत्राचा आशय होता.

त्या राजकारणाची पहिली संधी १९३७ मध्ये आली. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी १५ जागा पुणे करारान्वये अस्पृश्य वर्गासाठी राखीव होत्या. बाबासाहेबांनी आदल्याच वर्षी स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे दादासाहेब नाशिकमधून निवडून आले. मताधिकार तेव्हा मालमत्ता व शिक्षण यांवर अवलंबून होता. ज्यांच्यासाठी हे प्रतिनिधी सभागृहात गेले, त्यांतील बहुसंख्यांना मतच नव्हते!

या पक्षापुढील मोठा प्रश्न महार वतनाचा होता, आणि तो समजल्याशिवाय दादासाहेबांचे पुढील कार्य कळत नाही. वतन म्हणजे वंशपरंपरेने मिळालेली जमीन व हक्क. त्याच्या बदल्यात सरकारची आणि गावाची चाकरी. १८७४ च्या वतन कायद्याने या व्यवस्थेस कायद्याचे बळ दिले होते. टपाल पोहोचविणे, अधिकाऱ्यांच्या दिमतीस राहणे, वर्दी देणे, ही कामे दिवसरात्र केव्हाही करावी लागत. वतनदार घरी नसला तर घरातील दुसऱ्याने जावे. मोबदला म्हणजे जमिनीचे तुकडे आणि बलुते. बलुते देणे-न देणे गावाच्या मर्जीवर. तुकडा सोडवत नाही आणि त्यावर पोट भरत नाही, अशी ही बेडी होती. वतनदाराने पूर्ण सारा भरून जमीन रयतावा म्हणून ठेवावी व चाकरीतून मोकळे व्हावे, असे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मांडले होते. १९३७ मध्ये त्यांनी हा प्रश्न पुन्हा सभागृहात आणला. बहुमत काँग्रेसचे असल्याने ते मंजूर होणे नव्हते.

नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि विधानसभेचे कामकाज बंद पडले. कागदावरील नऊ वर्षांच्या कारकिर्दीत प्रत्यक्ष सभागृह मिळाले ते जेमतेम सव्वादोन वर्षे. मधल्या काळात सरकारने वतन जमिनींवरील सारा, म्हणजे जुडी, वाढविली. चाकरी मात्र कायम ठेवली. याविरुद्ध डिसेंबर १९३९ मध्ये नगर जिल्ह्यातील हरेगावी आणि ऑगस्ट १९४१ मध्ये आमच्या एकलहऱ्याजवळच्याच सिन्नर येथे बाबासाहेबांच्या परिषदा झाल्या. वतनांचा कायदेशीर शेवट १९५८ च्या कायद्याने झाला.

तोवर दादासाहेब लोकसभेत पोहोचले होते. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नाशिकने त्यांना निवडून दिले; १९६२ ते १९६८ ते राज्यसभेत होते. पण संसदेत बसून जमीन मिळत नाही हे त्यांना कळत होते. वतन गेले तरी भूमिहीन माणूस भूमिहीनच होता. म्हणून १९५९ मध्ये त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. पुढे १ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना रिपब्लिकन पक्षाने मागण्यांचे निवेदन दिले, आणि ६ डिसेंबरपासून, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, देशभर सत्याग्रह सुरू झाला. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतन द्या, बौद्ध झालेल्यांच्या सवलती चालू ठेवा, अशा त्या मागण्या होत्या. लाखो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. खासदाराने आपल्याच देशाच्या सरकारविरुद्ध असे आंदोलन चालवावे, यात आम्हांस विसंगती दिसत नाही. नाशिकच्या कार्यकर्त्याला ती सवय १९३० पासूनची होती.

१९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाची शासकीय योजना २००४ पासून आहे. तीत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबास चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळते. मात्र दादासाहेबांनी मागितली होती ती सरकारची पडीक जमीन; योजनेत द्यावयाची जमीन खासगी मालकाकडून विकत घेतली जाते. मालक सरकारी दराने विकावयास तयार नसेल, तर अर्जदार थांबतो.