कणगी आणि उतार

खालापूर तालुक्यातल्या एका वाडीवर मी तपासणीला जातो. तिथल्या एका आजींना विसराळूपणाच्या चाचणीतला छापील प्रश्न विचारला, "आज तारीख काय?" आजी म्हणाल्या, "तारीख तुमची. अवसंला तीन दिस ऱ्हायलेत." हिशेब अचूक होता, कागदावर मात्र शून्य गुण. पुढे एक वाक्य लिहून दाखवायचे होते. आजींनी जन्मात पाटी धरलेली नाही.

तेव्हा 'न शिकलेल्यांना स्मृतिभ्रंश अधिक' हे ऐकताना चाचणीचाही दोष जमेस धरावा. पण तो वजा केला तरी फरक उरतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या शंभरांत सातांहून थोड्या अधिक जणांना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज निघाला. स्त्रियांत, खेड्यांत आणि शाळा न पाहिलेल्यांत प्रमाण जास्त होते.

शिक्षणाने मेंदूची झीज मंदावते, असा समज होता. २०२५ मध्ये ३३ पाश्चात्त्य देशांतल्या १ लाख ७० हजारांवर लोकांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा उतार सर्वांचा जवळपास सारखाच दिसला. फरक होता तो सुरुवातीचा. शिकलेल्यांची स्मरणशक्ती मुळातच वरच्या पातळीवर होती, कवटीच्या आतली जागाही किंचित मोठी. आपल्याकडच्या भाताच्या कणगीसारखेच हे. रोजचा खर्च दोन्ही घरी तेवढाच. पण काठोकाठ भरलेली कणगी पुढच्या हंगामापर्यंत पुरते, अर्धीचा तळ शिमग्यालाच दिसतो.

आता, मेंदूची बहुतेक वाढ सहाव्या वर्षापर्यंत होऊन जाते. म्हणून आकाराचे सारे श्रेय शाळेला देणे मला पटत नाही. आईचे गरोदरपणातले खाणे, पोराचे भरलेले पोट, घरातली बोलचाल हेही त्यात आले; आणि जिथे हे मिळते तिथलेच मूल बहुधा शाळेत टिकते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शाळाच मुलांच्या अंगणात नेली. १९७५ पासूनच्या सरकारी अंगणवाडीत खाऊ आणि गाणी एकत्र आली, ती याचसाठी मोलाची.

कर्जत-खालापुरात अडते ते निराळ्याच ठिकाणी. दिवाळी सरली की कित्येक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. पोराचे नाव वाडीच्या पटावर, पोर भट्टीवर. तिथल्या जवळच्या अंगणवाडीत त्याला घेता येते. पण पहाटेपासून विटा थापणाऱ्या आईने त्याला नेऊन सोडायचे कधी?

निघताना आजींना नातवाचे विचारले. "भट्टीव गेलाय आयशीसंगं," त्या म्हणाल्या. वय चार.