वजनाचा जमाखर्च : मिताहार आणि नित्य व्यायाम

गोव्याच्या ग्रामीण जीवनात गेल्या दोन पिढ्यांत शारीरिक श्रमांचे स्वरूप पालटून गेले आहे. बैलांच्या नांगराची जागा पॉवर टिलरने घेतली, विहिरीवरच्या रहाटाची जागा नळाने घेतली आणि रगड्यावरचे वाटण मिक्सरमध्ये होऊ लागले. शेताची, बाजाराची वा शाळेची वाट आता बहुधा स्कूटरवरून सरते. हे परिवर्तन स्वागतार्हच होय. विशेषतः स्त्रियांच्या वाट्याचे कमरतोड कष्ट त्यामुळे कमी झाले असून ते परत यावेत, असे कोणीही म्हणणार नाही. तथापि, श्रम कमी झाले त्या मानाने आहार कमी झाला नाही. नांगर धरणाऱ्या आजोबांच्या पानात जेवढा भात वाढला जाई, तेवढाच तो कचेरीत बसून काम करणाऱ्या नातवाच्या पानातही वाढला जातो. वाढत्या वजनाच्या प्रश्नाचे मूळ बव्हंशी येथेच आहे.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरविलेल्या प्रमाणांवरून ही तफावत आकड्यांत मांडता येते. ६५ किलो वजनाच्या पुरुषास अतिश्रमाचे काम असल्यास दिवसाला सुमारे ३,४७० उष्मांक लागतात. बैठे काम असल्यास २,११० पुरतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत हेच आकडे अनुक्रमे २,७२० आणि १,६६० असे आहेत. म्हणजे कष्टाचे काम सुटून बैठे काम आले की पुरुषाची गरज १,३६० उष्मांकांनी आणि स्त्रीची १,०६० उष्मांकांनी उतरते. पोटाला मात्र ही उतरलेली गरज आपोआप कळत नाही.

याचे परिणाम आता स्पष्ट दिसू लागले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण संपूर्ण भारतात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के आढळले. पाहणी झालेल्या सर्व राज्यांत हे प्रमाण सर्वाधिक होते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर होते. गोव्यात तर एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया या गटात मोडत होत्या. वजन आटोक्यात ठेवणे हा केवळ सौष्ठवाचा विषय राहिलेला नाही, हे यावरून ध्यानात यावे.

उष्मांक म्हणजे काय?

एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास लागणारी उष्णता म्हणजे आहारशास्त्रातील एक उष्मांक, अर्थात कॅलरी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन शास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी अन्नघटकांतील ऊर्जा मोजून जे आकडे निश्चित केले, ते आजही जगभर वापरले जातात. त्यांनुसार एक ग्रॅम पिष्टमय पदार्थांपासून सुमारे ४, एक ग्रॅम प्रथिनांपासून ४ आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थांपासून ९ उष्मांक मिळतात. मद्यार्काच्या एका ग्रॅमपासून ७ उष्मांक मिळतात.

शरीराचा खर्च तीन प्रकारचा असतो. हृदय, मेंदू, यकृत आदी अवयवांचे अविरत चालणारे कार्य हा सर्वांत मोठा भाग होय. बैठे काम करणाऱ्या माणसाचा सुमारे ६० ते ७० टक्के खर्च त्यातच होतो. अन्नपचनासाठी थोडी ऊर्जा लागते आणि उरलेली हालचालींसाठी खर्ची पडते. खर्चाहून जमा अधिक झाली की शिल्लक चरबीच्या रूपाने साठते. जमा कमी पडली की साठा वापरला जातो.

काट्याबरोबर कमरेचेही माप

केवळ वजनकाट्यावर विसंबून राहणे भारतीयांच्या बाबतीत पुरेसे नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३ होता. तथापि युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के आढळली. वरवर सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहातही चरबी अधिक आणि स्नायू कमी असू शकतात, हा त्याचा अर्थ.

म्हणूनच भारतीयांसाठी शरीरभार निर्देशांकाची मर्यादा कमी धरली जाते. किलोमधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता हा निर्देशांक मिळतो. तो २३ किंवा त्याहून अधिक असल्यास वजन जास्त आणि २५ किंवा त्याहून अधिक असल्यास स्थूलता समजावी. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असावा. शेवटची बरगडी आणि कटीचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहजपणे सोडल्यानंतर, शिंप्याच्या फितीने हे माप घ्यावे.

चाल आणि चहा

व्यायाम सुरू केला म्हणजे आहाराकडे पाहण्याचे कारण नाही, असा समज सर्वत्र आढळतो. आकडे त्यास पुष्टी देत नाहीत. ६५ किलो वजनाचा मनुष्य अर्धा तास झपाझप चालला, तर बसून राहण्याच्या तुलनेत त्याचे सुमारे ८० उष्मांक अधिक खर्च होतात. चहाच्या एका लहान चमच्यात सुमारे ५ ग्रॅम साखर मावते आणि तिच्यात २० उष्मांक असतात. प्रत्येकी दोन चमचे साखर घातलेले दोन कप चहा घेतले की अर्ध्या तासाच्या चालीची कमाई जागच्या जागी फिटते. फेणीच्या ६० मिलिलिटरांच्या पेल्यात सुमारे १४० उष्मांक असतात. सोबतच्या तळलेल्या पदार्थांचा हिशेब निराळाच.

उलटपक्षी, दिवसाकाठी सुमारे ५०० उष्मांकांची बचत कशी साधता येते, ते पाहावे. रोज दोन चमचे साखरेचे पाच कप चहा घेणाऱ्याने साखर निम्मी केली, तर १०० उष्मांक वाचतात. दिवसभरात ५० ग्रॅम तांदळाचा भात कमी केल्यास सुमारे १७५ आणि दोन लहान चमचे तेल कमी केल्यास ९० उष्मांक वाचतात. त्यास पाऊण तासाच्या चालीचे सुमारे १२० उष्मांक जोडले की बेरीज ४८५ होते. यात उपास नाही, विकतची पावडर नाही आणि कोणताही पदार्थ वर्ज्य नाही. चरबीच्या एका किलोत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. त्या हिशेबाने अशा बचतीने प्रारंभी आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास वजन उतरू शकते.

ताटाची फेरमांडणी

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत २,००० उष्मांकांच्या दैनिक आहाराचा नमुना दिला आहे. त्यात धान्ये २५० ग्रॅम, डाळी, कडधान्ये वा मांस-मासळी ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, तेलबिया व कवचफळे ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण आहे. सामान्य ताटाशी याची तुलना केली असता भात जास्त आणि भाजी कमी, हा दोष सहज ध्यानात येतो.

गोमंतकीय स्वयंपाकघराला हा पालट अवघड नाही. तांबडी भाजी, मुळा, दुधी, भेंडी, अळसांदे आणि कुळीथ ही येथलीच संपदा आहे. आधी भाजी व हुमणातील मासळी, नंतर भात, आणि दुसऱ्यांदा वाढून घेताना भाताऐवजी भाजी, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ साधते. मासळी रोज तळण्यापेक्षा हुमणात वा तव्यावर थोड्या तेलात करावी. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये ४०० हून अधिक उष्मांक असल्याने नारळ टाळण्याचे नव्हे, पण मोजून घालण्याचे धोरण ठेवावे. उकड्या तांदळाची पातळ पेज भाजीसह घेणे हे बिस्किटे आणि फरसाणापेक्षा केव्हाही चांगले. चतुर्थीच्या नेवऱ्या आणि पातोळ्या यांना दोष देण्याचे कारण नाही. वर्षातील चार दिवसांच्या गोडाने वजन वाढत नाही. रोजच्या अजाणता वाढलेल्या घासांनी ते वाढते.

घाईचे फळ

झटपट वजन उतरविण्याचा मोह अनेकांना होतो. २००९ साली अमेरिकेतील 'द बिगेस्ट लूझर' या दूरचित्रवाणी स्पर्धेत भाग घेतलेल्या १४ जणांचा सहा वर्षांनंतर अभ्यास करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. कठोर आहारनियंत्रण आणि दिवसाचे अनेक तास व्यायाम यांच्या बळावर तीस आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी सुमारे ५८ किलोंनी उतरले होते. सहा वर्षांत त्यांपैकी सुमारे ४१ किलो परत आले. शिवाय विश्रांतीच्या अवस्थेतील त्यांचा ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० उष्मांकांनी कमीच राहिला होता. जमा एकाएकी घटली की शरीर दुष्काळ पडल्यासारखे वागते, खर्चाला कात्री लावते आणि भूक वाढविते.

याच अभ्यासातील आणखी एक गोष्ट बोधप्रद आहे. ज्यांनी उतरलेले वजन बऱ्याच अंशी टिकविले, त्यांच्या दैनंदिन हालचालीत इतरांपेक्षा कितीतरी अधिक वाढ झालेली होती. अमेरिकेत १९९४ पासून वजन टिकविणाऱ्यांची एक राष्ट्रीय नोंदवही ठेवण्यात येत आहे. किमान १३.६ किलो वजन उतरवून ते निदान वर्षभर टिकविलेल्यांची नावे तीत नोंदविली जातात. त्यांतील बहुसंख्य लोक दररोज सरासरी तासभर व्यायाम करतात आणि त्यांत चालण्याचे प्रमाण मोठे आहे. सारांश असा की, वजन मुख्यतः आहाराच्या संयमाने उतरते आणि ते नित्य व्यायामाने टिकते. दोहोंपैकी एकाचीच कास धरणारे बहुधा अर्ध्या वाटेवरून परततात.

वजन फार उतरले तरच लाभ होतो, असेही नाही. अमेरिकेत ३,२३४ व्यक्तींवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांपुढे दोन उद्दिष्टे ठेवण्यात आली होती : सात टक्के वजन उतरविणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम. एवढ्याने त्यांच्यातील नव्या मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नई येथील २००६ सालच्या अभ्यासात भारतीयांमध्येही आहार व व्यायामातील सुधारणेने हा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले; विशेष म्हणजे तेथे वजनात फारसा फरक पडलेला नसतानाही हा लाभ झाला. काटा हलला नाही म्हणून व्यायाम सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

व्यायाम कोणता व किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, अशी चालीची गती असावी. प्रारंभ दहा-पंधरा मिनिटांनी करून दर आठवड्याला वेळ वाढवीत तासापर्यंत न्यावा. जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार यांस साधने लागत नाहीत. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांना आपल्या संस्थानातील शाळांत स्थान दिले होते. तो कित्ता आजच्या शाळांनाही गिरविता येईल. परसातील बागकाम, कुळागरातील कामे आणि फुगडी हेही व्यायामच होत. पावसाळ्यात चालणे खंडित होते, तेव्हा घरातल्या घरात पायऱ्यांची चढउतार करावी.

सावधगिरी

आठवड्याला सुमारे अर्धा किलो ही वजन उतरण्याची सुरक्षित गती मानली जाते. दिवसाला १,००० उष्मांकांपेक्षा कमी आहार कोणीही स्वतःच्या मनाने घेऊ नये. मधुमेहासाठी इन्सुलिन वा गोळ्या घेणाऱ्यांनी आहार घटविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा, अन्यथा रक्तातील साखर एकाएकी उतरून धोका संभवतो. हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार आणि सांधेदुखी असणाऱ्यांनीही तसेच करावे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांनी वजन उतरविण्याचा प्रयत्न करू नये. मुलांचे अन्न तोडू नये. त्यांना रोज तासभर खेळू द्यावे आणि गोड पेये व तळीव खाऊ कमी करावेत. छातीत दुखणे, चक्कर वा अवाजवी धाप अशी लक्षणे दिसल्यास व्यायाम तत्काळ थांबवून आरोग्य केंद्र गाठावे.

सर्वांचे सहकार्य

हा जमाखर्च एकट्याने सांभाळणे कठीण जाते. घरातील एकासाठी वेगळे रांधण्यापेक्षा सर्वांच्याच जेवणात तेल-साखर बेताची असावी. शिक्षकांनी खेळाचा तास अन्य विषयांसाठी खर्ची घालू नये. कचेऱ्यांच्या बैठकींत भज्यांऐवजी फळे वा उकडलेले चणे ठेवता येतील. पंचायतींनी मैदाने, पायवाटा आणि रस्त्यांवरील दिवे यांची निगा राखल्यास स्त्रियांनाही सायंकाळी निर्धास्तपणे चालता येईल. स्थूल व्यक्तीची थट्टा मात्र कोणीही करू नये. थट्टेने माणूस घराबाहेर पडण्यास लाजतो आणि त्याचे चालणेच बंद होते.

पूर्वीच्या पिढीला श्रम टाळता येत नव्हते म्हणून त्यांना व्यायामाचा विचार करावा लागला नाही. आज ते श्रम यंत्रांनी उचलले आहेत. त्यांतून वाचलेल्या वेळातील एक तास स्वतःच्या देहासाठी राखून ठेवणे आणि पानातील भात आपल्या कामाच्या मानाने वाढून घेणे, एवढे प्रत्येक कुटुंबाने आरंभिले, तर मधुमेहाच्या बाबतीत राज्याला लाभलेला नकोसा अग्रक्रम मागे सारणे अशक्य नाही.