शेपू आणि बाळंतशेप

शेपूची जुडी घरांत आली कीं मुलें नाकें मुरडतात. लहानपणीं आम्हीही मुरडीत असूं. परंतु काश्यपसंहितेनें शतावरीबरोबर जिला एक कल्प वाहिला, ती शतपुष्पा हीच. हिच्या फळांस आपण बाळंतशेप म्हणतों. जेवणानंतर चिमूटभर भाजून चावली असतां पोटांतील वायु सरतो, हा घरोघरचा अनुभव. तिनें बाळंतिणीचें दूध वाढतें असेंही म्हणतात. त्यास भक्कम प्रमाण मात्र नाहीं. गरोदरपणीं भाजी खुशाल खावी, काढा वा तेल घेऊं नये.

आमचा खरा वाद आहे तो तान्ह्या मुलांच्या पोटदुखीवरील उपायाशीं. १८५१ सालीं इंग्लंडांत विल्यम वुडवर्ड यानें ‘ग्राइप वॉटर’ काढलें. त्यांत शेपूचें तेल होतें, तसा मद्यार्कही होता. मूल निजे तें कशानें, हें वाचकांनींच ताडावें! मद्यार्क पुढें वगळला गेला. तथापि पहिले सहा महिने आईच्या दुधावांचून कांहीं देऊं नये, असेंच आजचें वैद्यक सांगतें. आमच्या नातवास बाळंतशेपेचें पाणी मध घालून चाटविण्याचा बेत घरांत ठरला होता. वर्षाखालील मुलास मधापासून जिवावर बेतणारी विषबाधा होऊं शकते, म्हणून आम्हीं तो मोडला व मंडळींचा रोष पत्करला. ती बाळंतशेप मग सूनबाईंच्या विड्यांत गेली.